गुलफॉस आणि मुळशी

क्रॉयडनहून गॅटविक रेल्वेने पाव तासावर, तिथून आइसलँड विमानाने तीन तास. म्हटलं, जाऊन येऊ! डिसेंबरात तिथे सूर्य अकराच्या पुढे उगवतो नि साडेतीनला मावळतो. तेवढ्या उजेडात बसने थिंगवेलिरची हळूहळू रुंदावणारी भेग, दर पाच-दहा मिनिटांनी उसळणारा स्ट्रोकर आणि शेवटी ३२ मीटर कोसळणारा, कडेने गोठलेला गुलफॉस.

पण खरं सांगू? लक्षात राहिली ती तिथल्या दगडावर कोरलेली एक शेतकरी बाई. गेल्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी भांडवलदारांना इथे वीजप्रकल्प हवा होता. सिग्रीदुर तोमासदोत्तिर कोर्टापर्यंत झुंजली. पुढे प्रकल्प बारगळला.

मला मुळशी आठवली. १९२१ चा सत्याग्रह, सेनापती बापट... तिथे मात्र धरण झालं, गावं बुडाली.

मी इंजिनिअर, वीज मलाही हवी. आइसलँडचीही बहुतेक वीज पाण्यावरच होते. पण ‘विकासाचे विरोधक’ म्हणून आपण ज्यांना हिणवतो, त्यांच्यामुळेच कधीकधी बघण्यासारखं काही उरतं. आणि आपण? मुळशीला जातो, भजी खातो, तलावाचे फोटो काढतो. बुडालेल्या गावांची निदान नावं तरी विचारूया.