‘हॅव टू’ शिकवताना मराठी हवीच



इंग्रजीच्या तासाला वर्गात इंग्रजीखेरीज एक शब्दही बोलला जाऊ नये, अशी सूचना काही पालकांनी व विश्वस्तांनी केली आहे. हेतू चांगला आहे, पण सूचना मला पटत नाही. कारण एका साध्या शब्दजोडीवरून सांगते.

‘हॅव टू’ म्हणजे करावे लागणे, एवढे मुले घोकतात. पण ‘हॅव’ म्हणजे तर जवळ असणे! मग त्यात सक्ती आली कुठून? जुने वाक्य असे होते : ‘आय हॅव अ लेटर टू राइट’. पत्र आहे, ते लिहिण्यासाठी आहे. इथे ‘टू’ हेतू सांगतो. पुढे शब्दांचा क्रम बदलला, ‘आय हॅव टू राइट अ लेटर’ झाले आणि हेतूची गरज झाली. आता ‘आय हॅव टू गो’ म्हणताना हातात काहीच नसते. उच्चारसुद्धा वेगळा झाला : बोलताना ‘हॅफ टू’ म्हणतात, पण ‘आय हॅव टू पेन्स’मधला ‘हॅव’ तसाच राहतो.

आपल्या मराठीत याहून निराळे काय आहे? ‘पाणी प्यायला दे’ यात हेतू, ‘पाणी प्यायचे आहे’ यात गरज. ‘प्याय’ दोन्हीकडे तेच. हे फळ्यावर एकदा लिहिले की मुलांचे डोळे चमकतात. इंग्रजीतून समजावायला अर्धा तास जातो.

शिवाय आपल्याकडे जायचे आहे, जावे लागते, जायला हवे असे तीन पदर आहेत. हिंदीतही जाना है, जाना पड़ता है, जाना चाहिए. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमात झाले, मला इंग्रजीचा ‘शुड’ या ‘चाहिए’च्या बोटाला धरूनच कळला. इंदूरच्या मुलाकडे ही पुंजी दुहेरी आहे. ती वर्गाच्या दाराबाहेर का ठेवायची?

खरी अडचण नकारात येते. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे यायचे नाही. ‘यू डोंट हॅव टू कम’ म्हणजे आलेच पाहिजे असे नाही. एका शाळेत शनिवारच्या जादा तासाची सूचना या दुसऱ्या वाक्यात दिली गेली. ज्यांचे इंग्रजी कच्चे, त्यांनी ‘यायचे नाही’ असा अर्थ लावला आणि घरी राहिले. तास त्यांच्यासाठीच होता! अर्थ मराठीत एकदा विचारला असता, तर गैरसमज तिथेच उघडा पडला असता.

आपल्या आजोबांच्या पिढीने तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी गिरवले. त्यांचे बोलणे अडखळत असेल, हे मान्य. म्हणून संभाषणाचा सराव इंग्रजीतच व्हावा, त्यात सवलत नको. व्याकरणाची मात्र गोष्ट निराळी. त्यासाठी प्रत्येक तासाला दहा मिनिटे, तिन्ही भाषांची वाक्ये फळ्यावर शेजारी-शेजारी, एवढेच माझे मागणे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही घरच्या भाषेला वर्गात मान दिला आहे.

हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या येत्या बैठकीत मांडते आहे. पालकांनी आपले मत त्याआधी कार्यालयात लेखी द्यावे. मराठी, हिंदी, इंग्रजी, कोणत्याही भाषेत चालेल.

– मुख्याध्यापिका