कांद्याचें मत आणि बहिणीचें मत

खेड्यांतला मतदार बाटलीवर नि नोटेवर फिरतो, हें शहरी विद्वानांचें जुनें पालुपद आहे. त्यांस आमचा एक सवाल. १९९८ सालीं कांदा महागला म्हणून दिल्लीकरांनीं रागावून सत्ताधारी पक्षास ७० पैकीं १५ जागांवर आणून बसविलें, तेव्हां त्यास लोकमताचा कौल म्हटलें गेलें. मग कुणबी पोटाकडे पाहून मत देतो तो मात्र अडाणी काय?

ऑगस्ट २०२३ मध्यें केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसविला व ८ डिसेंबरास निर्यातच बंद केली. शहरांत स्वस्ताई राहावी, हा हेतु! लासलगांव-पिंपळगांवच्या बाजारांत भाव कोसळले. बंदी उठली ती ४ मे २०२४ रोजीं, तीही कर लावून. २० मे रोजीं दिंडोरींत मतदान झालें आणि केंद्रांतील राज्यमंत्री भारती पवार यांस भास्कर भगरे या शिक्षकानें पाडलें. (आमच्या पेशाचा मनुष्य म्हणून आम्हांस थोडें बरें वाटलें, हें कबूल.) एकट्या कांद्यानेंच हें केलें असें आम्ही म्हणत नाहीं, त्या सालीं आरक्षणाचा व संविधानाचाही प्रश्न गाजत होता.

पुढें सहाच महिन्यांनीं विधानसभेंत त्याच पक्षांच्या युतीस २८८ पैकीं दोनशेंहून अधिक जागा मिळाल्या! मधल्या काळांत लाडक्या बहिणीच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये पडूं लागले होते. त्यावर विद्वान म्हणाले, बायका विकल्या गेल्या. हें बोलणें नीचपणाचें आहे. जिचें सातबाऱ्यावर नांव नाहीं, मीठमिरचीकरितां जिला नवऱ्यापुढें हात पसरावा लागे, तिच्या स्वतःच्या नांवें पैसे आले. तिनें देणाऱ्याची आठवण ठेवली, यांत पाप कोणतें?

परंतु माय-बहिणींनो, पाटीवर एक हिशेब मांडूं. बहिणीचे वर्षाचे झाले १८,००० रुपये. त्याच हंगामांत सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४,८९२ ठरला होता आणि बाजारांत माल चार हजारांच्या आसपास गेला. म्हणजे क्विंटलामागें सुमारें नऊशें बुडाले. ज्या घरीं वीस क्विंटल पिकलें, त्या घरचे १८,००० आडत्याच्या कांट्यावरच गेले. बहिणीच्या खात्यांत आले ते हेच, असें समजा. ज्या मजूर बाईस वावरच नाहीं तिला मात्र ते निव्वळ मिळाले, हेंही खरें.

सुतार-लोहार बंधूंनीं हा कुणब्याचा हिशेब म्हणून सोडूं नये. त्याच्या हातीं पैसा नसला, कीं तुमची चौकट नि ट्रॉलीची दुरुस्ती उधारीच्या वहींत जाते.

उमेदवार दारीं येतो तो रक्कम सांगतो, भावाचें नांव काढीत नाहीं. पुढच्या खेपेस त्यास ओट्यावर बसवावें, पाणी द्यावें, आणि निर्यातबंदीचा हुकूम निघाला त्या दिवशीं तो कोठें होता व काय बोलला, हें विचारावें. सभेंत विचारूं नये. तेथें भोंगा त्याचा असतो.