फॉर्म भरा, पण विचारणाऱ्यालाही विचारा

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची वंदना संपली, बाया भांडी-सतरंज्या आवरत होत्या, आणि आमच्या वस्तीतली एक मुलगी विहाराच्या पायरीवर घुटमळत उभी राहिली. बारावी होऊन कॉलेजला लागलेली, वयाची अठरा पूर्ण. म्हणाली, "मावशी, मी एक फॉर्म भरलाय. त्यांचा फोन किती दिवसांनी येतो?"

कसला फॉर्म विचारलं, तर मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर पाठवलेला. तरुणांच्या मानसिक आरोग्यावरचं संशोधन. रात्री दोन वाजता, घरातले सगळे झोपल्यावर, पांघरुणात मोबाईल धरून तिने तो भरला होता. 'मरून गेलेलं बरं, असा विचार येतो का?' या प्रश्नापुढे तिने 'जवळजवळ रोज' यावर बोट ठेवलं. आणि मग अठरा दिवस फोनची वाट बघितली.

फोन येणारच नव्हता. फॉर्मवर तिचं नाव नव्हतं, नंबर नव्हता. उत्तरं निनावी राहतील, हा उपचार नाही, असं पहिल्या पानावर इंग्रजीत लिहिलेलंही होतं. तिने ते पान सरकवून दिलं, जसं आपण सगळेच सरकवतो. जन्मात पहिल्यांदा तिला कुणीतरी हे विचारलं, तिने खरं ते सांगितलं, आणि ते खरं कुणाच्या तरी तक्त्यात 3 हा आकडा होऊन बसलं. फॉर्म करणाऱ्या विद्यार्थ्याने लबाडी केली असं मी म्हणणार नाही. पण असा प्रश्न विचारायचा आणि त्याच्याखाली मदतीचा एक फोन नंबरही द्यायचा नाही, हा निष्काळजीपणा आहे. तिला आम्ही सरकारी दवाखान्यात मानसोपचाराच्या ओपीडीत नेलं. आज ती बरी आहे, आणि हे लिहायला तिनेच मला परवानगी दिली.

असे फॉर्म आता आपल्या मुलांच्या फोनवर वरचेवर येतात. कुणी मानसशास्त्रात एम.ए. करतंय, कुणी पीएच.डी., कुणी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वस्तीत यावर दोन मतं ऐकू येतात. जुनी माणसं म्हणतात, घरातलं दुखणं परक्याला कशाला सांगायचं? तरुण काहीच म्हणत नाहीत, न वाचता भरून टाकतात. मला दोन्ही पटत नाही. माझं मत असं की फॉर्म भरावा, पण साक्ष देतोय अशा शुद्धीत भरावा.

साक्ष हा शब्द मी मुद्दाम वापरला. 1919 साली बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे लेखी निवेदन दिलं, साक्ष दिली. अस्पृश्यांचं म्हणणं दुसऱ्याने मांडून चालणार नाही, ही त्यांची भूमिका होती. मनाच्या दुखण्याचंही तसंच आहे. मानसशास्त्राच्या मोठमोठ्या नियतकालिकांत छापून आलेलं संशोधन तपासलं, तेव्हा असं दिसलं की त्यात भाग घेणाऱ्यांपैकी सुमारे 96 टक्के माणसं अशा देशांतली होती, जिथे जगाची फक्त 12 टक्के लोकसंख्या राहते. त्यातही मोठा भरणा कॉलेजच्या मुलांचा. म्हणजे 'माणसाचं मन' म्हणून पुस्तकात जे शिकवतात, ते पुष्कळदा अमेरिकेतल्या विद्यार्थ्याचं मन असतं. आपल्याकडे बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये घरोघरी जाऊन राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. ते बारा राज्यांत झालं, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. उदासी, चिंता असे नेहमी आढळणारे आजार असलेल्या शंभरांपैकी जवळपास 85 जणांपर्यंत उपचार पोचत नाहीत, हे त्याच सर्वेक्षणातून कळलं. जे मोजलं जात नाही त्याला निधी मिळत नाही, डॉक्टरही मिळत नाही.

अमेरिकेतली एक हकिकत सांगते, कारण तिथल्या काळ्या माणसांची आणि आपली वेदना जवळची आहे. केनेथ आणि मेमी क्लार्क हे काळं जोडपं, दोघंही मानसशास्त्रज्ञ. त्यांनी 1940 च्या सुमारास तीन ते सात वर्षांच्या 253 काळ्या मुलांपुढे बाहुल्या ठेवल्या. सगळ्या सारख्या, फक्त रंग वेगळा. छान बाहुली कोणती, वाईट कोणती, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. शेवटी, तुझ्यासारखी बाहुली कोणती, असं विचारल्यावर काही लेकरं रडत खोलीबाहेर निघून गेली, असं पुढे क्लार्क यांनीच सांगितलं. 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या लेखनाचा दाखला दिलेला होता. लेकरांची साक्ष न्यायालयापर्यंत पोचली ती अशी.

पण त्याच देशात, त्याच समाजावर आणखी एक संशोधन चालू होतं. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे 1932 पासून सुमारे 600 गरीब काळ्या पुरुषांना सरकारी डॉक्टर तपासत राहिले. त्यांतल्या बहुतेकांना गरमीचा रोग होता. त्यांना सांगितलं, तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय. प्रत्यक्षात आजार कसा वाढत जातो तेवढंच बघायचं होतं. पेनिसिलीन हे रामबाण औषध हाती आल्यावरही त्यांना ते दिलं नाही. 1972 साली वर्तमानपत्रात बोभाटा झाला तेव्हा ते थांबलं. आज संशोधनाआधी संमती घ्यावी लागते, नैतिकता समितीची मंजुरी लागते, त्यामागे अशा माणसांचे भोग आहेत. आपल्याकडे आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. म्हणून पहिलं पान सरकवून देऊ नका. ते पान तुमच्या हक्काचं आहे.

त्या पानावर काय बघायचं? संशोधन कोण करतंय, त्याचे मार्गदर्शक कोण, संस्था कोणती, नैतिकता समितीची मंजुरी आहे का, शंका आली तर फोन कुणाला करायचा, उत्तरं कुठे आणि किती दिवस ठेवणार. भाग घेणं ऐच्छिक आहे आणि मधेच सोडता येईल, हे लिहिलेलं हवं. अठराच्या आतलं मूल असेल तर आईबापाची परवानगी हवी. यातलं काहीच नसेल आणि वर पाचशे रुपयांच्या व्हाउचरचं आमिष असेल, तर तो फॉर्म बंद करा. आधार क्रमांक, ओटीपी, बँकेचा तपशील, फोनमधल्या सगळ्या नंबरांची परवानगी, यांचा मनाच्या अभ्यासाशी काडीचा संबंध नाही. आणि पैसे मिळण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा.

हे भय उगाच नाही. 2014 च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठातल्या एका मानसशास्त्र संशोधकाने फेसबुकवर स्वभाव सांगणारी प्रश्नावली आणली. लोकांना वाटलं अभ्यासासाठी आहे. पण ती माहिती केंब्रिज ॲनालिटिका या निवडणूक प्रचारात काम करणाऱ्या कंपनीकडे गेली. भारतात ते ॲप फक्त 335 जणांनी घेतलं होतं. त्यांच्या मित्रयादीतून 5 लाख 62 हजारांवर भारतीयांची माहिती गेलेली असू शकते, हे 2018 मध्ये खुद्द फेसबुकने सांगितलं. एकाने बटण दाबलं आणि त्याच्याबरोबर शेकडो जण उघडे पडले.

निनावी या शब्दावरही डोळे मिटून विश्वास नको. तालुक्याच्या कॉलेजात 'मुलगी, वय 19, बौद्ध, वसतिगृहात राहते' एवढं लिहिलं की नाव लिहायची गरज उरते का? मग धर्म लिहायचा की नाही? माझं मत, लिहायचा. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध 65 लाखांवर होते, तरी कितीतरी फॉर्मात आपल्याला 'इतर' मध्ये ढकललेलं असतं. तिथे 'बौद्ध' असं स्पष्ट लिहा. पण आधी विचारा की कॉलेजचं नाव, वय, धर्म असं सगळं एकत्र छापणार का. खरा संशोधक या प्रश्नाने रागावत नाही. आणखी एक : निनावी फॉर्म एकदा पाठवला की परत मागता येत नाही, कारण तुमचा कोणता ते त्यांनाही कळत नाही. तेव्हा विचार आधी करायचा.

घरात फोन एकच असेल, तर पाठवलेल्या उत्तरांची प्रत कुणाच्या ईमेलवर जाणार ते बघा. नवऱ्याच्या फोनवर भरलेल्या फॉर्मात बाई मारहाणीबद्दल खरं लिहीलच कसं? आणि मुलाने आईला विचारून विचारून भरलेला फॉर्म हा आईचा फॉर्म नव्हे.

आता प्रश्नांबद्दल. या फॉर्मांत बहुधा पीएचक्यू-9 नावाची नऊ प्रश्नांची यादी असते. अमेरिकेत तयार झालेली, 2001 साली प्रसिद्ध झालेली. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, याला 0 ते 3 गुण. बेरीज दहा किंवा जास्त आली तर पुढे तपासणी करावी, एवढाच तिचा अर्थ. तो आजारावरचा शिक्का नाही. यादी कामाची आहे, मीही वापरली आहे. पण आपल्या बायांना ती विचारताना माझीच जीभ अडखळते. 'कामात रस, आनंद वाटत नाही का?' चार घरची धुणीभांडी करणारी बाई हसते. म्हणते, मावशी, धुण्यात कसला आनंद? 'झोप नीट लागत नाही का?' नळाला पाणी पहाटे चारला येतं, तर झोप लागणार कशी! 'निराश वाटतं का?' ती नाही म्हणते. पण जीवाला करमत नाही, डोकं भणभणतं, काळजात धस्स होतं, पायातलं बळ गेल्यासारखं वाटतं, हे ती आपणहून सांगते. फॉर्मात त्याला रकाना नाही. आडनाव ऐकून वर्गात सरांचा चेहरा बदलतो, भाड्याची खोली 'आत्ताच गेली' होते, तेही त्या नऊ प्रश्नांत नाही.

म्हणून माझं एक सांगणं आहे. बऱ्याच फॉर्मांत शेवटी मोकळी चौकट असते, 'आणखी काही सांगायचे आहे का?' आपली पोरं ती रिकामी सोडतात. सोडू नका. तिथे आपल्या मराठीत, आपल्या घरात बोलतो त्या शब्दांत लिहा. वरचे गोळे रंगवून जे सांगता आलं नाही ते तिथे मावतं.

आणि मन खरंच बुडत असेल तर फॉर्मची वाट धरू नका. 14416 हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे. आम्ही तो विहाराच्या फळ्यावर खडूने नाही, ऑइलपेंटने लिहिला आहे.

गेल्या महिन्यात एक पीएच.डी.ची विद्यार्थिनी ताई महिला मंडळाकडे आली. वस्तीत लिंक फिरवा म्हणाली. आम्ही तिला तीन गोष्टी मागितल्या : पहिलं पान मराठीत, शेवटच्या पानावर 14416, आणि अभ्यास संपल्यावर काय निघालं ते विहारात येऊन आम्हाला वाचून दाखवायचं. पहिल्या दोन गोष्टी तिने चार दिवसांत करून आणल्या. तिसरीला ती जरा थबकली. असं याआधी कुणी मागितलं नव्हतं म्हणाली, मार्गदर्शकांना विचारते. गेल्या रविवारी तिचा होकार आला. लिंक आता फिरते आहे, आणि ती पायरीवर थांबलेली मुलगी बायांना पहिलं पान वाचून दाखवते.