नाचणारीचं म्हातारपण

टीव्हीवर ‘उमराव जान’ लागला की कुर्डुवाडीच्या आमच्या घरात शेवटावरून वाद ठरलेला. खाला म्हणतात, सख्ख्या भावाने तिला दारातून परत पाठवायला नको होतं. धाकटी सून म्हणते, जगात असंच घडतं. 1981 च्या या चित्रपटात उमराव लखनौच्या उजाड कोठ्यावर परतते, धुळीने माखलेला आरसा पुसते आणि गोष्ट संपते.

मिर्झा हादी रुस्वा यांच्या 1899 च्या कादंबरीत मात्र ती म्हातारी होते. गाठीला थोडा पैसा असतो, शायरी सुटलेली नसते, आपली कहाणी ती स्वतःच्या तोंडाने सांगते. मला हा शेवट पटतो. नाचणाऱ्या बाईला शिक्षाच झाली पाहिजे, असा हट्ट त्यात नाही.

आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. पंढरपुरात 1935 साली जन्मलेल्या विठाबाई नारायणगावकरांनी तमाशाचा फड गाजवला, राष्ट्रपती पुरस्कार मिळवला. अखेरची वर्षं मात्र हलाखीत गेली. 2002 मध्ये त्या वारल्या आणि नंतर त्यांच्या नावाने सरकारी जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला.

पाय थकले म्हणून कला संपतेच असं नाही. यमुनाबाई वाईकरांच्या बैठकीच्या लावणीत अदा चेहऱ्यावर आणि हातांत असते. नव्वदी ओलांडल्यावर, 2012 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पठाण घराण्यातल्या जोहरा सेहगल जर्मनीत नृत्य शिकल्या, उदय शंकर यांच्याबरोबर नाचल्या, पुढे नाटकाकडे वळल्या आणि म्हातारपणी पडद्यावर घराघरातली लाडकी दादी झाल्या. 2014 मध्ये, 102 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पण सगळ्यांना अशी दुसरी वाट सापडत नाही. आपल्या तालुक्यातल्या मोडनिंबच्या कला केंद्रांत घुंगरू बांधणाऱ्या बायकांचं काय? वृद्ध कलावंतांसाठी राज्याची मानधन योजना आहे, पण तिला पन्नाशीची अट आहे. नाचणारीचे पाय त्याच्या कितीतरी आधी थकतात. मधली वर्षं तिने कशावर काढायची?

भगिनींनो, नाचगाण्याविषयी आपल्या घरांत मतभेद आहेत आणि राहतील. पण म्हाताऱ्या बाईच्या ताटात भाकरी असावी, याविषयी मतभेद कशाला? पुढच्या वेळी शेवटावर वाद घालाल, तेव्हा हा प्रश्नही मधे घ्या.