कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या आता पुरे

ठाण्यात घोडबंदर रोडने किंवा कल्याण-शीळ रस्त्याने जाताना मोटारींच्या शोरूमचा झगमगाट पाहिला, की कोरोनाचा काळ येऊन गेला यावर विश्वास बसत नाही. परंतु व्यापाऱ्याने एवढे विसराळू असून चालत नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीसारख्या कंपनीची देशातील विक्री शून्यावर आली. जुलै २०२० मध्ये ठाणे व कल्याण-डोंबिवलीत पुन्हा कडक टाळेबंदी झाली. धंदा थांबला; जागेचे भाडे आणि बँकेचे व्याज मात्र थांबले नाही.

त्या अडचणीतून शोरूमवाले काय शिकले, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी नीट पाहावे असे आम्हांस वाटते. गिऱ्हाईक दुकानात येत नाही म्हणताच ते गिऱ्हाइकाच्या दारी गेले. मोबाइलवर गाडी दाखवली, सोसायटीच्या गेटवर ट्रायल दिली, कागदपत्रे घरून गोळा केली. पुढे २०२१ मध्ये चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या वेळेवर मिळेनात, तेव्हा त्यांनी सर्व्हिसिंग आणि जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीकडे अधिक लक्ष वळवले. इकडे लोकल सर्वसामान्यांना बंद होती. ती फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांपुरती सुरू झाली. मुंबईला कामाला जाणाऱ्या माणसाला स्वस्तातली गाडी हवी होती.

खरी गोष्ट इथेच आहे. जुनी गाडी आणि दुरुस्ती हा तर आपला धंदा! मुंब्रा-कौसा, राबोडी, कल्याण, भिवंडी येथील मेकॅनिक, डेंटर, पेंटर, वायरमन, सीटकव्हरवाले आणि गाड्यांचे दलाल यांची चूल यावरच पेटते. आता त्यात मोठ्या भांडवलाचे लोक उतरले आहेत. तीच गाडी त्यांच्याकडे महाग मिळाली तरी गिऱ्हाईक तिकडे जाते. का? कारण तिथे कागद मिळतो. तपासणीचा तक्ता मिळतो, वॉरंटी लिहून मिळते, आर.सी. नावावर करून मिळते. आमचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून इंजिनचा आजार सांगतो, पण लिहून काही देत नाही. हुन्नर आपल्याकडे आणि भरवसा त्यांच्याकडे, अशी ही वाटणी झाली आहे.

यातील सर्वांत वाईट सवय म्हणजे २९ आणि ३० नंबरच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवणे. गाडी तीन हातांतून फिरते आणि आर.सी.वर नाव मूळ मालकाचेच राहते. अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट सांगितले, की नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. हे ज्याला कळले तो मालक आपली गाडी कोऱ्या फॉर्मवर सोडील कशाला?

यावर उपाय सरकारनेच दिला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आर.टी.ओ.कडून पाच वर्षांचे अधिकारपत्र मिळते. मालकाने गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन सूचना दिली, की डीलरच मालक मानला जातो. नाव बदलण्याचे अर्जही तोच करू शकतो. जबाबदारी वाढते हे खरे, पण इज्जतही वाढते.

काही बांधव म्हणतील, कागद आला की कर आला. बरोबर आहे. जी.एस.टी.त नोंदणी असलेल्या डीलरला जानेवारी २०२५ पासून जुन्या गाडीवर १८ टक्के कर आहे, परंतु तो गाडीच्या पूर्ण किमतीवर नसून खरेदी आणि विक्रीतील फरकावर आहे. तोटा झाला तर कर नाही. मात्र हा फरक दाखवायचा तर खरेदीची पावती हवी. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान नव्या गाड्यांवरील जी.एस.टी. २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा जुन्या गाड्यांच्या भावावर दाब आला. असा दाब सोसायचा तर आपला माल कितीला पडला आहे हे वहीत हवे.

सबब आमचे सांगणे एवढेच. दलालांनी अधिकारपत्र घ्यावे. एकट्याला जड जात असेल तर दोघा-तिघांनी भागीदारीत घ्यावे. गॅरेजवाल्याने प्रत्येक कामाचे छापील बिल द्यावे आणि कोणता पार्ट बदलला ते त्यात लिहावे. महागडा स्कॅनर चार गॅरेजांनी मिळून विकत घ्यावा. मुलांना केवळ हाताखाली न ठेवता आय.टी.आय.त पाठवावे, कारण बी.एस.-६ आणि विजेवरच्या गाड्या नुसत्या पान्याने उघडत नाहीत. आर.टी.ओ.नेही एम.एच.-०४ आणि एम.एच.-०५ च्या हद्दीत, म्हणजे ठाणे व कल्याण येथे, लहान डीलरसाठी मराठी-हिंदीतून शिबिरे घ्यावीत. नियम करून संगणकावर टाकला म्हणजे तो गल्लीतल्या माणसापर्यंत पोचला असे होत नाही.

गाडीत खोट असेल तर ती लिहून द्या आणि भाव कमी घ्या. आज चार पैसे कमी येतील, पण तोच माणूस उद्या आपल्या भावाला घेऊन तुमच्याच दुकानात येईल.