न सांगितलेले दुखणे

महाडजवळ सावित्रीकाठच्या सव या गावी ऊन पाण्याचे झरे आहेत. संधिवाताने आखडलेली, त्वचाविकाराने कंटाळलेली माणसे तेथे स्नानाला येतात. कुंडाकाठी बसले की शेजारच्या अनोळखी माणसालाही आपले गुडघे किती दिवसांपासून धरले आहेत हे सांगण्यास कोणी संकोचत नाही. परंतु मुंबईच्या मुलाचा महिनाभर फोन आला नाही, रात्र रात्र डोळा लागत नाही, किंवा अंथरुणाला खिळलेल्या पतीचे करता करता स्वतःचाच जीव विटून गेला आहे, हे सहसा कोणी बोलत नाही. घरीही नाही. विचारले तर उत्तर ठरलेले असते : “काही नाही, बरी आहे.”

हे उत्तर ऐकल्यावर क्षणभर थांबावे, ही सवय घरातल्या नातवंडांना कशी लावावी? उपदेशाने ती लागत नाही. गोष्टीने लागू शकते, आणि त्यासाठी फार दूर जावयास नको. साने गुरुजी शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पालगडचे. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती लहानपणी वाचली, रडलो, आणि कपाटात ठेवून दिली. आता ती पुन्हा काढावी, असे सुचवावेसे वाटते.

या पुस्तकाची रचना मोठी विलक्षण आहे. आश्रमातील सोबत्यांना रोज रात्री गोष्ट सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. गोष्टीतला श्याम मात्र लहान आणि हट्टी आहे. त्या वेळी पोराला जे दिसले नाही, ते सांगणाऱ्याला आता दिसते. घरावर कर्ज चढते आहे, सावकाराचा माणूस दारी येऊन बसतो आहे, आईचे शरीर थकत चालले आहे, आणि पोराला आपल्याच हट्टाचे पडलेले आहे! बारा-तेरा वर्षांचा वाचक येथे श्यामवर रागावतो. तो राग मोलाचा असतो. आपल्या घरात आपल्याला काय दिसत नसेल, हा प्रश्न त्यातूनच उगवतो.

आणि दृष्टी उंबरठ्यापाशी अडत नाही. एका गोष्टीत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील एका म्हातारीला लाकडांची मोळी उचलवत नाही. लोक नुसते पाहतात. आई श्यामला सांगते, जा, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर. ती अंघोळ आज आपल्याला खटकते, खटकलीच पाहिजे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला त्या महाडच्या परिसरातील मुलांना तर त्यामागचा अन्याय नीट समजावून सांगावा. पण म्हातारीचे थकलेले हात त्या आईला दिसले, हेही सांगावे.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. मुकाट्याने सोसणाऱ्या आईचे गोडवे गाण्यासाठी हे पुस्तक वाचू नये. दुखणे लपविणे हा सद्गुण नव्हे. औषध देणाऱ्याला दुखणे कळले नाही तर उपचार चुकतो. शिक्षणासाठी दूर असलेल्या श्यामला आईची अखेरची भेट झाली नाही, तो भाग वाचताना आजी-आजोबांनीही स्वतःला विचारावे की, आपण मुलांपासून काय काय झाकून ठेवले आहे?

वाचन रात्री जेवणानंतर, एका वेळी एकच गोष्ट, असे असावे. मोतीबिंदूमुळे अक्षर दिसत नसेल तर नातीने मोठ्याने वाचावे; ऐकू कमी येत असेल तर तिने समोर बसून, सावकाश वाचावे. रुग्णाची सेवा करणाऱ्या सुनेलाही कामातून उठवून शेजारी बसवावे, कारण तिचे दुखणे विचारणारे घरात बहुधा कोणीच नसते. वाचून झाल्यावर ‘यातून काय शिकलास?’ असे मुलाला विचारू नये, तो शाळेचा प्रश्न झाला. ‘आईने त्या वेळी काय सांगितले नाही?’ एवढेच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये. पुस्तक क्रमानेच वाचले पाहिजे असेही नाही. मोळीच्या गोष्टीपासून आरंभ केला तरी चालेल.