संगणकाचा ‘अ‍ॅडमिन’ कोणी व्हावे?



संगणक कक्षातील यंत्रांचा ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड सर्व शिक्षकांना व वरच्या वर्गांतील मुलांना देऊन टाकावा, अशी सूचना पालक-शिक्षक सभेत पुन्हा एकदा आली. पासवर्डसाठी दर वेळी माणूस शोधावा लागतो आणि तासाचा वेळ त्यातच जातो, ही तक्रार खरी आहे. तरीही सूचना आम्हाला मान्य नाही. ‘नियम म्हणजे नियम’ असे सांगून हा विषय मिटवता आला असता. पण हाच प्रश्न आपल्या प्रत्येकाच्या घरीही असल्यामुळे कारणे सविस्तर मांडत आहोत.

संगणकावरचा कोणताही प्रोग्राम तो चालवणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. साध्या खात्यातून चालवला तर तो त्या खात्यापुरताच बदल करू शकतो. अ‍ॅडमिनच्या, म्हणजे लिनक्समधील ‘रूट’च्या, अधिकाराने चालवला तर संपूर्ण यंत्र त्याच्या हाती येते. भांडारातून खडूचा डबा आणायला पाठवलेल्या मुलाच्या हाती आपण साऱ्या शाळेच्या किल्ल्यांचा जुडगा देत नाही. मुलावर अविश्वास असतो असे नव्हे. त्या कामाला एकच किल्ली पुरते. संगणकशास्त्रात हे तत्त्व जुनेच आहे. सॉल्टझर आणि श्रोडर यांनी 1975 मध्ये लिहिलेल्या निबंधात ते स्पष्ट मांडले होते : प्रत्येकाला कामापुरतेच अधिकार असावेत.

खिडक्या-बटणांच्या प्रोग्रामना हे तत्त्व अधिकच लागू पडते. टर्मिनलवर दिलेली आज्ञा बहुधा एक काम करते आणि संपते. खिडकीचा प्रोग्राम उघडाच राहतो. अक्षरे, चित्रे, फायली निवडण्याची चौकट यांसाठी तो इतर अनेकांनी लिहिलेले भाग सोबत घेतो आणि ते सगळे रूट होऊन चालू लागतात. त्यांपैकी एकातही दोष असला तर तो दोषसुद्धा रूटच्याच अधिकाराने काम करतो. म्हणूनच लिनक्सवर व्हीएलसी हा चित्रफितींचा प्रोग्राम रूट म्हणून चालायलाच नकार देतो. वायरशार्कने नेटवर्कची माहिती पकडणारा छोटा भाग वेगळा ठेवला आहे. अधिकार तेवढ्यालाच द्यायचे, खिडकीला नाही.

आपल्या कक्षातील एका जुन्या यंत्रावर हेच घडले. पासवर्ड बरोबर, पण प्रवेश होईना. पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा पासवर्ड विचारी. कोणीतरी ‘सुडो’ लावून मजकूर लिहिण्याचा खिडकीचा प्रोग्राम उघडला होता. उबंटूच्या 2019 पर्यंतच्या बहुतेक आवृत्त्यांत असे केल्यावर प्रोग्राम रूटचा होई, पण फायली मात्र विद्यार्थ्याच्याच घरात लिही. त्या फायलींवर रूटची मालकी लागे. प्रवेशाच्या वेळी लागणारी एखादी लपलेली फाइल त्यांत सापडली की घरमालकच दाराबाहेर! टर्मिनलमधून मालकी परत केल्यावर यंत्र सुरू झाले. विद्यार्थ्याने खोडी केलेली नव्हती. एका फायलीतली एक ओळ त्याला बदलायची होती, एवढेच.

मग ती ओळ बदलायची कशी? त्याची सोय आहे. ‘सुडोएडिट’ ही आज्ञा फायलीची तात्पुरती प्रत काढते, ती आपल्या साध्या अधिकाराने संपादित करू देते आणि काम झाल्यावर मूळ जागी ठेवते. नव्या लिनक्समध्ये ‘पोलकिट’ ही व्यवस्थाही असते. खिडकी साध्या अधिकाराने चालते आणि नेमक्या कामापुरता पासवर्ड विचारला जातो. ‘जीकेसुडो’ हा जुना मार्ग उबंटूने 2018 मध्ये काढून टाकला. जुन्या पुस्तकांत आणि उत्तरांत तो अजून सापडतो. मुलांनी त्याच्या मागे लागू नये.

घरी बहुधा विंडोज असते आणि नवा संगणक सुरू करताना बनवलेले पहिले खाते अ‍ॅडमिनचेच असते. 2007 मध्ये आलेल्या विस्टापासून विंडोज परवानगी विचारू लागले. पण अ‍ॅडमिन खात्यात ‘हो’ म्हणायला एक टिचकी पुरते. साध्या खात्यात पासवर्ड द्यावा लागतो, म्हणजे क्षणभर थांबून विचार होतो. फुकटात मिळवलेला खेळ ‘अ‍ॅडमिन म्हणून चालवा आणि अँटीव्हायरस बंद करा’ असे सांगतो, तेव्हा तो क्षणच कामी येतो. त्याच यंत्रावर वडील बँकेचे व्यवहार करत असतात, हे मुलांच्या लक्षात कसे यावे?

एवढे केले म्हणजे सारे सुरक्षित झाले, असे मात्र समजू नये. साध्या खात्यात चालणारा वाईट प्रोग्रामही त्या खात्यातील फोटो आणि कागदपत्रे पुसू शकतो. त्यासाठी अ‍ॅडमिन व्हावे लागत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाचे खाते वेगळे हवे आणि महत्त्वाच्या फायलींची एक प्रत संगणकापासून वेगळी काढून ठेवलेली हवी.

आता आक्षेपाकडे वळू. सगळेच कुलुपात ठेवले तर मुले शिकणार कशी? हा आक्षेप आम्ही मोलाचा मानतो. यंत्र उघडून पाहिल्याशिवाय, प्रसंगी बिघडवल्याशिवाय यंत्र कळत नाही. यासाठी आमचा प्रस्ताव असा : कक्षातील दोन जुनी यंत्रे जाळ्यापासून वेगळी करून वरच्या वर्गांना रूटसह द्यावीत. बिघडली तर मुलांनीच ती पुन्हा उभी करावीत. बाकीच्या यंत्रांवर लागणारे प्रोग्राम सत्र सुरू होण्यापूर्वीच बसवून ठेवावेत. त्यासाठी शिक्षकांनी आपली यादी आधी द्यावी. पासवर्ड दोघांकडे असावा, म्हणजे एक जण रजेवर असला तरी तास अडणार नाही.

पालकांना विनंती की, येत्या सुट्टीत घरच्या संगणकावर मुलांसाठी आणि स्वतःसाठीही साधे खाते उघडावे. अ‍ॅडमिनचे खाते वेगळे ठेवून कामापुरतेच वापरावे. ते का, हे मुलांना समजावून सांगावे. कारण कळले की मुले नियम पाळतात, असा आमचा अनुभव आहे.